कोयत्याबरोबर बोलीही येते



बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. पण माणसंच कोस तुडवत आली, की बोलीचं काय होतं? आम्ही शेतकी खात्याची माणसं हंगामभर फडात फिरतो. कानावर पडतं ते सांगतो.

दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या टोळ्या आपल्या कोल्हापूर भागात येतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, सोबत पोरंबाळं. मुक्काम पाच-सहा महिने.

तिकडची मुलगी 'मी आले' म्हणते. आपल्याकडं बायकाही 'मी आलो' म्हणतात. 'का' विचारायचं, तर ती 'कामून' म्हणते. मोठ्यांची जीभ सहसा वळत नाही. पोरगी मात्र इथल्या पोरींत खेळली, की दोन-तीन हंगामांत 'आलो, गेलो' करू लागते.

मग गावी गेल्यावर 'आलो'ला हसतात, इथल्या शाळेत 'कामून'ला. पोर गप्प होतं. वर्गात गप्प झालेलं पोर शाळेतून सुटायला वेळ लागत नाही.

दोन बोली येणं हे उणं नव्हे, कमाई आहे. तेव्हा विनंती एवढीच, की फडावर त्या पोरांच्या बोलण्याला हसू नका. आपल्या पोरांनाही तसं सांगा. आपला ऊस वेळेवर तुटतो, तो त्यांच्याच आईबापाच्या हातांनी.