अर्ज कीटकशास्त्राचा, पत्ता मार्गदर्शकाचा

अभियांत्रिकी, वैद्यकी किंवा व्यवस्थापन या शाखांसाठी शैक्षणिक कर्ज मागावयास येणारा विद्यार्थी बँकेच्या शाखेत आता नवलाचा राहिलेला नाही. परंतु ‘कीटकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचे आहे, आणि तेही अमेरिकेत’ असे सांगणारा अर्जदार समोर येऊन बसला, की अधिकाऱ्याच्या कपाळावर क्षणभर आठी उमटते. सोबत आलेल्या वडिलांच्या कपाळावर ती काही महिने आधीच उमटलेली असते. किड्यांचा अभ्यास करण्यासाठी सातासमुद्रापलीकडे जावयाचे आणि त्यासाठी राहते घर तारण ठेवावयाचे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र या विषयाचा प्रवेशअर्ज नेमका कोण वाचतो, यावर अवलंबून आहे.

विषय थट्टेवारी नेण्याजोगा खचितच नाही. आजवर शास्त्रज्ञांनी नोंदविलेल्या कीटकजातींची संख्या सुमारे १० लाखांच्या घरात आहे. अन्नधान्य, कापूस, फळबागा, मध, रेशीम, हिवताप आणि डेंग्यू या साऱ्यांचा हिशेब त्यांच्याशी निगडित आहे. आपल्या देशात या शास्त्राला सरकारी आश्रय मिळाला तो १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे कृषी संशोधन संस्था स्थापन झाली तेव्हा. तेथील पहिले शाही कीटकशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचा ‘इंडियन इन्सेक्ट लाइफ’ हा ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९३४ च्या भूकंपात पुसा येथील इमारतींची हानी झाल्यानंतर संस्था १९३६ मध्ये दिल्लीस हलविण्यात आली. जागा बदलली तरी ‘पुसा’ हे नाव तिने सोडले नाही.

भारतात या विषयाचा राजमार्ग कृषी विद्यापीठांतून जातो. चार वर्षांची कृषी पदवी, त्यानंतर प्रवेशपरीक्षा, गुणानुक्रम, समुपदेशन आणि मिळेल त्या विद्यापीठात एम.एस्सी. (कृषी), असा तो क्रम. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अखिल भारतीय परीक्षेत कीटकशास्त्र व सूत्रकृमिशास्त्र हा स्वतंत्र गट आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या महाराष्ट्रातील चार विद्यापीठांच्या प्रवेशासाठी राज्याची सामाईक परीक्षा होते. या व्यवस्थेत अर्ज व्यक्तीच्या नावे नसतो, तो गुणांकाच्या नावे असतो. मार्गदर्शक कोण, संशोधन कोणत्या किडीवर, हे प्रश्न प्रवेश मिळाल्यानंतर उपस्थित होतात. या पद्धतीत वशिल्याला वाव कमी, ही तिची जमेची बाजू. तुडतुड्यांची आवड असलेल्या विद्यार्थ्याला दोन वर्षे साठवणुकीतील धान्याच्या भुंग्यांसोबत काढावी लागू शकतात, ही दुसरी.

या राजमार्गावर एक बंद दरवाजाही आहे, आणि अनेकांना तो फार उशिरा दिसतो. प्राणिशास्त्राच्या पदवीधराला कृषी विद्यापीठातील कीटकशास्त्राच्या एम.एस्सी.ला सामान्यतः प्रवेश मिळत नाही. तेथे कृषी अथवा तत्सम पदवीच लागते. बारावीनंतर ‘किडे म्हणजे प्राणीच’ अशा सरळ समजुतीने प्राणिशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याची येथे निराशा होते. त्याला अन्य वाटा शोधाव्या लागतात. काही विद्यापीठांत एम.एस्सी. प्राणिशास्त्रात कीटकशास्त्र हा विशेष विषय घेता येतो. डासांसारख्या रोगवाहकांवर काम करणाऱ्या पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरमध्ये सार्वजनिक आरोग्य कीटकशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. आणि आडवाटेने येणाऱ्यांची परंपराही दुबळी नाही. गांधीलमाश्यांच्या समाजजीवनाचे जगन्मान्य अभ्यासक राघवेंद्र गदगकर यांची पीएच.डी. रेण्वीय जीवशास्त्रातील आहे.

अमेरिकेतील व्यवस्था याच्या नेमकी उलट आहे, आणि आपले हुशार विद्यार्थी फसतात ते येथेच. १८६२ च्या मॉरिल कायद्याने तेथील राज्यांना जमिनी देऊन कृषी व तांत्रिक शिक्षणाची विद्यापीठे उभी केली. १८८७ च्या हॅच कायद्याने त्यांना प्रयोगकेंद्रांची जोड मिळाली. तेव्हापासून कीटकशास्त्राचे विभाग मुख्यतः या विद्यापीठांत वाढले ते शेतकऱ्याच्या प्रत्यक्ष तक्रारींवर. प्राध्यापक प्रकल्प मांडतो, निधी मिळवितो आणि त्या निधीतून विद्यार्थ्याला रिसर्च असिस्टंटशिप देतो. आठवड्याला साधारण २० तास काम, त्याबदल्यात शिक्षणशुल्काची माफी आणि दरमहा विद्यावेतन, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप असते. म्हणजेच विद्यार्थी निवडणे हे त्या प्राध्यापकाच्या दृष्टीने दोन ते पाच वर्षांसाठी सहकारी नेमणे असते. उत्तम गुण, उत्तम इंग्रजी आणि उत्तम शिफारसी असलेला अर्जही ‘आपल्याकडे याला घेणारे कोणी नाही’ एवढ्या एका कारणाने बाजूला पडतो. म्हणूनच अनेक विभाग अर्ज भरण्यापूर्वीच संभाव्य मार्गदर्शकाशी पत्रव्यवहार करावा असे सुचवितात. आपल्याकडे ही सूचना औपचारिक समजून वगळली जाते, आणि मग शुल्क भरून पाठविलेल्या सात-आठ अर्जांना सात-आठ नकार येतात.

विद्यापीठाची निवडही यामुळे निराळ्या रीतीने करावी लागते. जागतिक क्रमवारीच्या यादीत वरून खाली बोट फिरविण्यात फारसा अर्थ नाही. कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे १९०७ मध्ये संत्रावर्गीय फळांसाठी प्रयोगकेंद्र सुरू झाले आणि जैविक कीडनियंत्रणाची मोठी परंपरा तेथे रुजली. डेव्हिस येथे मधमाश्यांच्या संशोधनाचे स्वतंत्र केंद्र आहे. फ्लोरिडातील गेन्सव्हिल डासांसाठी, कॅन्ससमधील मॅनहॅटन गव्हासाठी आणि साठविलेल्या धान्यावरील किडींसाठी, तर इंडियानातील पर्ड्यू विद्यापीठ शहरी वस्तीतील किडींच्या अभ्यासासाठी ओळखले जाते. नातेवाइकांना सांगताना ही नावे कदाचित फिकी वाटतील. मॅनहॅटन म्हटल्यावर न्यूयॉर्क डोळ्यांपुढे आणणाऱ्यांचा विरस तर निश्चितच होईल.

पत्रात लिहावयाचे काय, हे गुलाबी बोंडअळीच्या उदाहरणाने उत्तम समजते. या अळीचे शास्त्रीय वर्णन एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भडोचच्या कापसावरील नमुन्यांवरून झाले. पुढे ती जगभर पसरून अमेरिकेतही पोहोचली. भारतात २००२ मध्ये बीटी कापसाला आणि २००६ मध्ये दोन जनुके असलेल्या त्याच्या पुढील वाणांना परवानगी मिळाली. काही वर्षांतच अळीने दोन्हींविरुद्ध प्रतिकारशक्ती कमावली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातील बोंडे आतून पोखरली गेली. इकडे हे घडत असताना तिकडे बीटी कापूस आणि वंध्य केलेल्या पतंगांचे प्रसारण यांची सांगड घालून अमेरिकेने याच अळीचा नायनाट केला. ऑक्टोबर २०१८ मध्ये तेथील कृषी खात्याने तसे जाहीर केले. दोन्ही देशांतील या अनुभवांची तुलना करणारे संशोधन ॲरिझोना विद्यापीठात झाले आहे. आता यवतमाळ जिल्ह्यातील कृषी पदवीधर अशा प्रयोगशाळेला पत्र लिहितो तेव्हा त्याच्याजवळ काय असते? फरदड म्हणजे काय, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागलेले नसते. डिसेंबरनंतरही पाणी देऊन कापूस उभा का ठेवला जातो, त्यामुळे अळीला बारमाही अन्न कसे मिळते, बियाण्याच्या पिशवीसोबत आलेले बिगर-बीटी बियाणे बांधावर न लावता फेकून का दिले जाते, कामगंध सापळे गावात किती जणांनी लावले आणि किती जणांनी काढून टाकले, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. टोफेलच्या गुणपत्रिकेत यातले काहीही येत नाही. आणि दुर्दैवाने त्याच्या पत्रातही येत नाही, कारण त्याने कोठून तरी उतरविलेला ‘आपल्या नामांकित विद्यापीठात शिकण्याचे माझे स्वप्न आहे’ हा मजकूर चाळीस प्राध्यापकांना एकाच दिवशी पाठविलेला असतो.

चांगले पत्र दोन-तीन परिच्छेदांचे असते. त्या प्राध्यापकाचा एखादा निबंध खरोखर वाचलेला असावा, त्यातील एका मुद्द्यावर नेमका प्रश्न असावा, स्वतः केलेले काम दोन वाक्यांत सांगितलेले असावे आणि येत्या वर्षी विद्यार्थी घेण्यासाठी निधी आहे काय, हे संकोच न करता विचारलेले असावे. हा शेवटचा प्रश्न आपल्याकडे उद्धटपणाचा वाटतो. तेथे तो रीतसर मानला जातो. उत्तर न आल्यास दोन-तीन आठवड्यांनी एकदा आठवण करावी. त्यापुढे शांतता हेच उत्तर समजावे.

हेतुनिवेदन, म्हणजे ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’, याबाबत एक सावधगिरी हवी. बालपणी फुलपाखरांमागे धावल्याची हकीकत जवळजवळ प्रत्येक अर्जात असते. इलिनॉय विद्यापीठातील ख्यातनाम कीटकशास्त्रज्ञ मे बेरेनबॉम यांना तर लहानपणी किड्यांची भीती वाटे. महाविद्यालयात असताना त्यांनी या विषयाचा अभ्यासक्रम घेतला आणि त्यांचे आयुष्यच त्या दिशेने वळले. बालपणाची आठवण नसली तरी बिघडत नाही. एखाद्या हंगामाची नोंदवही मात्र असावी. कृषी महाविद्यालयात प्रात्यक्षिकासाठी केलेला कीटकसंग्रह बहुतेक जण गुण मिळताच विसरतात. वास्तविक भुंगेऱ्याच्या उजव्या कठीण पंखातून नीट टोचलेली टाचणी आणि तिच्याखाली ठिकाण, तारीख, यजमान वनस्पती व संग्राहकाचे नाव लिहिलेली चिठ्ठी, असे शंभर नमुने जवळ असणे ही अर्जदाराची खरी मिळकत होय. चिठ्ठी नसलेला नमुना शास्त्राच्या दृष्टीने निरुपयोगी असतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला प्रयोगशाळेत नव्याने काही शिकवावे लागत नाही. शिफारसपत्रेही अशा कामावर देखरेख केलेल्या शिक्षकाचीच घ्यावीत. प्राचार्यांच्या नावाचा दबदबा तेथवर पोहोचत नाही.

पदवीच्या कालावधीकडेही लक्ष द्यावे. चार वर्षांची कृषी पदवी सहसा अडचणीची ठरत नाही, पण तीन वर्षांची बी.एस्सी. पुष्कळ विद्यापीठे पुरेशी मानत नाहीत. अशा विद्यार्थ्याने आधी एम.एस्सी. करावी, किंवा नव्या शैक्षणिक धोरणानुसारचे चौथे वर्ष पूर्ण करावे. जीआरई ही परीक्षा अलीकडे अनेक विभागांनी रद्द केली आहे. प्रत्येक विभागाचा नियम पाहिल्यावाचून तिच्यावर पैसे खर्च करू नयेत.

आता तारणाच्या प्रश्नाकडे वळता येईल. प्रबंधासह असलेल्या एम.एस.ला किंवा पीएच.डी.ला असिस्टंटशिप मिळाली, तर घर तारण ठेवण्याची वेळ सहसा येत नाही. प्रबंधाविना असलेला अभ्यासक्रम मात्र बहुधा विद्यार्थ्याच्याच खर्चाचा असतो. त्याचे प्रवेशपत्र सहज येते आणि त्या आनंदात हा फरक लक्षात येत नाही. कर्जमागणीच्या कागदपत्रांत अधिकाऱ्याने प्रथम पाहावयाचे ते हेच. व्हिसासाठी लागणारा आय-२० हा दाखला देताना विद्यापीठ पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद तपासते आणि असिस्टंटशिपचे पत्र त्यात धरले जाते. तरीही विमानभाडे, घराची अनामत, आरोग्य विम्याचा हिस्सा, काही किरकोळ शुल्क आणि पहिले विद्यावेतन हाती पडेपर्यंतचा निर्वाह एवढी सोय करावीच लागते. त्यासाठी लहानसे कर्ज पुरते. अर्थात असिस्टंटशिप ही प्रकल्पाच्या निधीवर उभी असते, हे विसरता येत नाही. २०२५ मध्ये अमेरिकेतील संशोधन निधीला कात्री लागली तेव्हा काही विद्यापीठांनी पीएच.डी.च्या जागा कमी केल्या. त्यामुळे विद्यावेतन किती वर्षांसाठी निश्चित आहे आणि निधी आटल्यास अध्यापन साहाय्यकाचे काम मिळेल काय, हे पत्राने विचारून ठेवणे शहाणपणाचे.

ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या सत्रासाठी अर्जाची मुदत सामान्यतः आदल्या डिसेंबर-जानेवारीत संपते. म्हणून पत्रव्यवहार पावसाळ्यातच, किडे भरपूर असतानाच, सुरू झालेला बरा. निर्णय फेब्रुवारी-मार्चपासून येऊ लागतात. आर्थिक साहाय्यासह आलेल्या प्रस्तावावर १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याची सक्ती करावयाची नाही, असा संकेत तेथील बहुसंख्य विद्यापीठांनी मान्य केलेला आहे. तेव्हा एक पत्र हाती येताच कर्जाच्या अर्जावर रक्कम लिहून मोकळे होण्याची घाई करू नये. दुसरे पत्र अजून वाटेत असू शकते.