मूल मारकुटं झालं, तर आईलाही विचारू या

आपल्या सावद्याकडे वादळ आलं की केळी आडवी होते, आणि तिच्याबरोबर घरंही खचतात. अशाच एका जून महिन्यात गटातली एक ताई बचत भरायला आली ती रडतच. पैशांसाठी नव्हे. सात वर्षांचा मुलगा धाकटीला चावतो, शाळेत मारामारी करतो, ताट भिरकावतो. आम्ही सगळ्याजणी एका सुरात म्हणालो, "दोन ठेवून द्या, सुधारेल." ताई, तुम्हाला झोप लागते का, हे मात्र कोणीच विचारलं नाही. त्याची आम्हाला आजही लाज वाटते.

पुढच्या बैठकीत कळलं, ती तीन आठवडे रात्रभर जागी होती. जेवण जात नव्हतं, कशातच जीव रमत नव्हता. असं दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं तर तो नुसता थकवा नसतो, उदासीनतेचा आजार असू शकतो.

आता त्या घरात काय होत होतं बघा. पोरगं ओरडलं की आई एक दिवस मारायची, दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नाही म्हणून मागेल ते देऊन टाकायची. मूल यातून दोन गोष्टी शिकतं. मोठ्यानं ओरडलं की मिळतं, आणि राग आला की हात उचलायचा असतो. मग ते आणखी चिडतं, आई आणखी खचते. म्हणजे दोष आईचा का? नाही. काही मुलं जात्याच तापट असतात आणि त्यांना सांभाळताना आईच मोडते. घरात दारू असेल, मारहाण असेल, तर मूल तेही बघतंच. बापाला मात्र कोणी काही विचारत नाही!

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' नावाचं काम झालं. तिथं गावातल्याच माणसांना शिकवलं, की खचलेल्या माणसाचं ऐकायचं कसं आणि गरज पडली तर दवाखान्यात न्यायचं कसं. त्यात बचत गटातल्या बायाही होत्या. हे आपणही करू शकतो.

आमच्या ताईच्या बाबतीत आधी जाऊबाईंनी आठवडाभर रात्री मुलांना आपल्याकडे झोपवलं. मग तिनं १४४१६ वर फोन लावला. ही सरकारची 'टेली मानस' सेवा २०२२ पासून सुरू आहे. फोन फुकट, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलतात. तिथून तिला डॉक्टरांकडे जायला सांगितलं. जीव नकोसा वाटत असेल, तर मात्र वाट बघू नका. त्या बाईला एकटं ठेवू नका, लगेच दवाखान्यात न्या.

मुलासाठी तिनं एकच गोष्ट धरली. तो ओरडला तरी 'नाही' म्हटलेलं 'नाही'च ठेवायचं, पण हात उचलायचा नाही. पहिले काही दिवस तो जास्तच ओरडला, असं होतंच. आता चावणं थांबलंय. ताट अजून कधीमधी उडतं.