विश्लेषण : पियानो शिकायचाय... पहिला की-बोर्ड कोणता घ्यावा?

मुलाचे नाव क्लासला घातले, आता घरी सरावासाठी वाद्य हवे. दुकानात शेकडो आवाज, शेकडो ताल आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांचे कौतुक ऐकवले जाते. पियानो शिकणाऱ्याला यातले फारसे काही लागत नाही. त्याला हवी असते बोटाच्या जोराला दाद देणारी पट्टी.

‘टच’ का महत्त्वाचा?

पियानोची पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आदळते. हलके दाबले तर आवाज हळू, जोरात दाबले तर मोठा. इटलीच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी १७००च्या सुमारास घडवलेल्या या वाद्याचे नावच ‘हळू’ आणि ‘मोठा’ या अर्थाच्या इटालियन शब्दांवरून आले. पेटीत आवाजाचा जोर भात्यावर ठरतो. अगदी स्वस्त की-बोर्डवर मात्र पट्टी कशीही दाबा, आवाज एकसारखाच! त्यावर वर्षभर सराव केलेल्या मुलाला पियानोसमोर बसल्यावर हात पुन्हा घडवावा लागतो. म्हणून माहितीपत्रकात ‘टच रिस्पॉन्स’ हे शब्द आधी शोधावेत. नुसत्या दिसण्यावर जाऊ नये. कॅसिओचे सीटी-एस २०० आणि सीटी-एस ३०० हे जवळपास सारखेच दिसतात, पण ही सोय फक्त दुसऱ्यात आहे.

पट्ट्या किती हव्यात?

पियानोला ८८ पट्ट्या असतात : ५२ पांढऱ्या, ३६ काळ्या. पेटी वाजवताना एक हात भात्यावर असतो, त्यामुळे तीन-साडेतीन सप्तके पुरतात. पियानोला दोन्ही हात लागतात. सुरुवातीला ६१ पट्ट्या, म्हणजे पाच सप्तके पुरेशी होतात. बारीक पट्ट्यांचे खेळण्यातले की-बोर्ड टाळावेत. दुकानात मोजपट्टी लावून पाहावी. लागोपाठच्या सात पांढऱ्या पट्ट्यांची रुंदी साधारण साडेसोळा सेंटिमीटर भरली पाहिजे.

थेट डिजिटल पियानो घ्यावा का?

८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो खऱ्या पियानोच्या सर्वांत जवळ जातो. पण तो महाग असतो आणि जागाही अडवतो. शिक्षकांना आधी विचारावे की तयारी कोणत्या परीक्षेची आहे. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या पियानो आणि इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड या परीक्षा वेगवेगळ्या आहेत. पियानोचीच परीक्षा द्यायची असेल, तर वजनदार पट्ट्यांशिवाय पुढे अडते.

पैसे देण्यापूर्वी...

• एकच पट्टी हळू आणि जोरात दाबून फरक ऐकावा.

• सस्टेन पेडल जोडण्याची सोय पाहावी.

• हेडफोनची जागा असावी. फ्लॅटमध्ये रात्रीचा सराव त्यावरच होतो.

• जुना घेताना प्रत्येक पट्टी वाजवून पाहावी.

• स्टँड विसरू नये. बसल्यावर कोपर पट्ट्यांच्या उंचीला यायला हवे. पलंगावर ठेवून सराव केला, तर मनगट वाकडे वळण घेते.

बजेट कमी असेल, तर आवाज आणि ताल कमी असलेला की-बोर्ड चालेल. ‘टच’ नसलेला नको.