चर्चच्या वाटेवरचा खजिना : फोर्ट ते दादर

चर्चमधली ट्रेझर हंट म्हणजे कोड्यांच्या आधारे जुन्या चर्चांतल्या खुणा हुडकत एका गावाहून दुसऱ्या गावी जाणे. भिंतीवरचा शिलालेख, लाकडी बाकावरची खाच, क्रूसावर कोरलेला कोंबडा अशी एखादी बारीकशी खूण हाच इथला खजिना. वेल्सच्या खेड्यांत अशा भटकंतीला भरपूर वाव आहे. डोंगरात वसलेल्या पॅट्रिशोच्या लहानशा चर्चमध्ये सुमारे १५०० सालचा कोरीव ओकचा पडदा आहे, आणि भिंतीवर विळा, वाळूचे घड्याळ व फावडे घेतलेला सांगाडा रंगवलेला आहे. मृत्यू सर्वांना गाठतो, ही शिकवण त्या काळी निरक्षर भाविकांपर्यंत अशा चित्रांतून पोचत असे.

मुंबईत अशा शोधासाठी खेडी पालथी घालावी लागत नाहीत. फोर्टपासून धोबीतलाव, गिरगाव, लालबाग, परळ असे करत दादरपर्यंत गेले, तरी चार शतकांच्या खुणा वाटेत भेटतात.

वाटेची सुरुवात फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून करणे सोयीचे. गव्हर्नर जेरल्ड आँजियर याच्या काळात, १६७०च्या दशकात, या चर्चचे काम सुरू झाले. पुढे ते रखडले आणि अर्धवट भिंती जवळपास चाळीस वर्षे तशाच उभ्या राहिल्या. रिचर्ड कॉब या पाद्रीने वर्गणी गोळा करून काम पुन्हा हाती घेतले आणि १७१८च्या नाताळात चर्च उपासनेसाठी खुले झाले. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून या चर्चकडे वाट येई तो चर्चगेट. दरवाजा केव्हाच पाडला गेला, नाव मात्र रेल्वे स्थानकाने राखले. आत शोधण्याजोगे पुष्कळ आहे. १७९५ ते १८११ या काळात गव्हर्नर असलेल्या जोनाथन डंकन याच्या संगमरवरी स्मारकावर बनारस आणि काठियावाडातली बालहत्येची प्रथा बंद केल्याचा उल्लेख आहे. बाहेरच्या गॉथिक घाटाच्या कारंज्यासाठी पैसे दिले ते कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी दानशूराने.

याच कॅथेड्रलपासून ब्रिटिश काळात शहराचे मैल मोजले जात. काळ्या दगडाचे, रोमन आकडे कोरलेले मैलाचे दगड काळबादेवीपासून परळ-दादरपर्यंतच्या जुन्या रस्त्यांवर बसवले होते. रस्ते आणि फूटपाथ वारंवार उंचावत गेले, तसे हे दगड जमिनीत रुतले. काहींचा फक्त माथा दिसत होता. महापालिकेच्या वारसा विभागाने त्यांतले काही मोकळे करून त्यांची डागडुजी केली आहे. दगडावरचा आकडा वाचला की कॅथेड्रल किती मैल मागे राहिले ते कळते. एक मैल म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर.

पुढच्या तीन खुणा एकाच घटनेने जोडलेल्या आहेत. ती घटना म्हणजे १८९६ची प्लेगची साथ. पहिली खूण धोबीतलावाजवळ, मेट्रो सिनेमाच्या परिसरात आहे : डॉ. अकासियो व्हिएगस यांचा पुतळा. मांडवी भागातल्या रुग्णांना झालेला आजार प्लेगच आहे, हे सप्टेंबर १८९६मध्ये या गोमंतकीय डॉक्टरांनी ओळखले.

दुसरी खूण गिरगावात : रस्त्याकडेचे क्रूस. इथले सेंट तेरेसा चर्च १७७३पासूनचे. गिरगावकर त्याला ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणतात. जवळच खोताची वाडी आहे. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी ही जमीन ईस्ट इंडियन कुटुंबांना घरांसाठी दिली, त्यावरून वाडीला हे नाव पडले. ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई-वसई-ठाणे पट्ट्यातले मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती. हे नाव समाजाने १८८७मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी घेतले. या समाजाच्या वाड्यांत आणि गावठाणांत रस्त्याकडेला क्रूस उभे दिसतात. काही पोर्तुगीज काळातले आहेत, तर बरेचसे प्लेगच्या वर्षांतले. साथ टळावी म्हणून, किंवा ती ओसरल्यावर नवस फेडण्यासाठी लोकांनी ते उभारले आणि संध्याकाळी त्यांच्याभोवती जमून रोझरी म्हटली. मे महिन्यात क्रूसाला रंग देऊन, झेंडूचे हार घालून लदीन ही सामूहिक प्रार्थना म्हणण्याची प्रथा अजून टिकून आहे.

क्रूस वाचायचा तो पायापासून. चौथऱ्यावर बहुधा साल आणि उभारणाऱ्याचे नाव असते. जुन्या दगडी क्रूसांच्या दांड्यावर येशूच्या अखेरच्या दिवसांशी जोडलेल्या वस्तू कोरलेल्या आढळतात : खिळे, हातोडा, शिडी आणि कोंबडा. कोंबडा आरवण्यापूर्वी पीटर हा शिष्य येशूला तीनदा नाकारतो, ही बायबलमधली कथा त्या कोंबड्यामागे आहे. माथ्यावरची चार रोमन अक्षरे म्हणजे ‘नाझरेथचा येशू, यहुद्यांचा राजा’ या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे.

तिसरी खूण लालबाग ओलांडून परळला, आणि ती ओळखणे सर्वांत अवघड आहे. हाफकिन इन्स्टिट्यूटची मुख्य इमारत मुळात पोर्तुगीज काळातला मठ आणि चॅपल होती. अठराव्या शतकात इंग्रजांनी ती ताब्यात घेतली, वाढवली आणि गव्हर्नरचे निवासस्थान केले. चॅपलच्या जागी मेजवानीचे दालन आले. १८८०च्या दशकात गव्हर्नरांनी मुक्काम मलबार पॉइंटला हलवला. जीवाणुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली होती. त्यांची प्रयोगशाळा १८९९मध्ये या वास्तूत आली आणि १९२५पासून संस्थेला त्यांचे नाव लाभले. ज्या साथीपासून वाचण्यासाठी वाड्यावाड्यांत क्रूस उभे राहिले, तिच्यावरची लस एका जुन्या चॅपलच्या आवारात बनू लागली. पुतळा, क्रूस आणि प्रयोगशाळा एका ओळीत पाहिली की साथीची ओळख, तिची भीती आणि तिच्यावरचा उपाय असा सगळा इतिहास समोर येतो.

वाटेचा शेवट दादरच्या अवर लेडी ऑफ साल्व्हेशन चर्चपाशी. हेही बोलीभाषेत ‘पोर्तुगीज चर्च’च. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी १५९६मध्ये त्याची स्थापना केली, पण आजची वास्तू वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्यानुसार १९७०च्या दशकात उभी राहिली. इथे शोधायची खूण माथ्यावर आहे. काँक्रीटच्या उंच कवचांतून उजेड खाली उतरतो आणि गरम हवा वरून निघून जाते. उपासनेच्या जागा एकाच दालनात कोंबलेल्या नाहीत. मोकळ्या अंगणांनी त्या एकमेकींना जोडल्या आहेत. मुंबईच्या दमट हवेचा विचार करून बांधलेले हे चर्च आहे.

अशी वाट शाळेच्या मुलांसाठी किंवा कुटुंबासाठी आखताना प्रत्येक ठिकाणी एकच कोडे ठेवावे आणि उत्तर जागेवर पाहिल्याशिवाय मिळू नये. कोणते साल आहे, कोणत्या भाषेत लिहिले आहे, कोणी उभारले आणि कशासाठी, हे चार प्रश्न बहुतेक खुणांना लागू पडतात. मिस्साच्या वेळा टाळाव्यात, फोटोसाठी परवानगी घ्यावी आणि हाफकिनसारख्या कामकाज चालू असलेल्या संस्थेत आधी विचारूनच जावे. अक्षरे उठून दिसावीत म्हणून शिलालेखावर खडू किंवा तेल मुळीच लावू नये. त्याने दगड खराब होतो. सकाळच्या तिरप्या उन्हात पुसट अक्षरे आपोआप वाचता येतात. वाचलेला मजकूर, साल आणि जागा वहीत उतरवून ठेवावी. पुनर्विकासात वाड्या आणि फूटपाथ बदलत असताना अशी नोंद हाच त्या खुणेचा पुरावा ठरतो.