टू-स्ट्रोक गाडी आणि घाटाचा उतार

दिवे घाट चढताना जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल तापते, हे पुणेकर चालकांना ठाऊक असते. खरा धोका मात्र परतीच्या उतारावर असतो. ज्या गाडीत पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते, तिच्या पिस्टनला वंगण मिळते ते त्या पेट्रोलमधूनच. रेस पूर्ण बंद करून गिअरमध्ये उतरल्यास इंजिन वेगाने फिरत राहते, तेल मात्र अत्यल्प पोहोचते. अशा वेळी पिस्टन सिलिंडरला चिकटून मागचे चाक अडकू शकते. म्हणून उतरताना मधूनमधून क्लच दाबून रेस द्यावी. इंजिन आवळल्यासारखे वाटताच क्लच दाबून गाडी कडेला घ्यावी. तापल्या सिलिंडरवर पाणी ओतू नये.

मिश्रण दोन टक्क्यांचे असल्यास लिटरला २० मिलिलिटर तेल पुरते. जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षितता नव्हे. त्याने सायलेन्सरमध्ये कार्बन साचतो. स्पार्क प्लगचे टोक पांढुरके दिसल्यास कार्बोरेटरचा जेट तुंबला आहे का, गॅस्केटमधून हवा शिरते का, हे तपासावे.

आकुर्डीत तयार झालेल्या चेतक स्कूटरच्या इंजिनाला पंख्याचा वारा मिळे. मोटरसायकलला तो केवळ वेगातून मिळतो. त्यामुळे स्वारगेटच्या लांबलेल्या सिग्नलला इंजिन बंद केलेलेच बरे.