कचऱ्याच्या गाडीमागची माणसे

आपल्या घरांच्या भिंतींवर लग्नाचा फोटो असतो, दीक्षाभूमीवर सहकुटुंब काढलेला असतो. पण पहाटे झाडू घेऊन निघणाऱ्या बापाचा, कामावर असतानाचा फोटो? तुर्भ्यापासून नेरूळपर्यंत इतक्या घरी आमचे जाणे-येणे आहे, पण असा फोटो आम्हाला क्वचितच दिसला.

ही उणीव सुधारक ओलवे यांच्या कॅमेऱ्याने बरीच भरून काढली. १९६६ साली अकोल्यात जन्मलेले ओलवे १९८८ पासून वृत्तपत्रांसाठी छायाचित्रे काढू लागले. रोजच्या बातम्यांच्या धावपळीतूनही ते मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांकडे पुन्हा पुन्हा गेले. मॅनहोलमध्ये उतरलेला, उघड्या हातांनी घाण उपसणारा माणूस त्यांनी कृष्णधवल चित्रांत पकडला. ते त्याच्या घरीही गेले, हे आम्हाला अधिक मोलाचे वाटते. हे कामगार बहुतेक आपल्याच, दलित समाजातले.

लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराची नोकरी वारसाला मिळते. या सोयीने कितीतरी चुली पेटत्या राहिल्या, हे आम्ही नाकारत नाही. पण पालिकेची खोली टिकवायची तर घरातल्या कुणीतरी तोच झाडू उचलायचा, मग पोरगा बी.ए. का झालेला असेना!

ओलवे यांना २००५ साली नॅशनल जिऑग्राफिकच्या ‘ऑल रोड्स’ उपक्रमात गौरवण्यात आले, २०१६ साली पद्मश्री मिळाली.

अमेरिकेत शिकागो शहरी व्हिव्हियन मायर नावाची बाई होती. परक्यांची मुले सांभाळण्यात तिची सुमारे ४० वर्षे गेली. गळ्यात कॅमेरा अडकवून ती रस्त्यावरची साधी माणसे टिपत राही. तिची एक लाखाहून अधिक चित्रे निघाली, पण हयातीत ती जवळपास कुणी पाहिली नाहीत. भाडे थकले म्हणून २००७ साली तिच्या सामानाचा लिलाव झाला. २००९ साली ती वारली. आपल्याकडच्या मोलकरणींना हे वाचून दाखवावे, असे आम्हाला वाटते.

कंत्राटी कामगाराचे हाल तर आणखी वेगळे. कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या लढ्यानंतर २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या २,७०० कामगारांना कायम करण्याचा आदेश उचलून धरला. तोवर कित्येकांची उमेदीची वर्षे सरली होती.

आपल्या घरी आईबापाचा कामावरचा एखादा जुना फोटो असेल, तर तो पेटीच्या तळाशी ओलीत ठेवू नका. मागे नाव, ठिकाण, साल लिहा. पेन्सिलीने, शाई फुटते.