लाकडातील वक्र कड : बैलगाडीचे चाक आणि बागेतील लाकडी ओटा

प्रस्तावना :

करवतीतून निघणारी फळी सरळ असते. त्यामुळे लाकडी वस्तूला गोलाकार कड देणे हा सुतारकामातील जुना प्रश्न आहे. घरांच्या व संस्थांच्या बागांत अलीकडे लाकडी ओटे, म्हणजे ‘डेक’, बांधले जातात. अशा ओट्याची कड वळणदार करावयाची झाल्यास हाच प्रश्न नव्याने उभा राहतो. धाराशिव जिल्ह्यातील (२०२३ पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा) खेड्यापाड्यांतून वापरात असलेल्या बैलगाडीच्या लाकडी चाकात या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. त्यामागील भूमिती व काष्ठगुण उलगडून ते ओट्याच्या कडेला कसे लागू पडतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

काष्ठतंतू आणि वक्रता :

लाकूड हा लांबीच्या दिशेने जाणाऱ्या तंतूंचा जुडगा आहे. तंतूंच्या दिशेने ते बळकट असते. तंतूंना आडवे मात्र सहज फाटते. रुंद फळीवर मोठा कंस आखून तो एकसंध कापला, तर कंसाच्या मध्यभागी तंतू कडेला समांतर राहतात, परंतु टोकांकडे ते कडेबाहेर तिरके निघून जातात. तेथे भार पडला की तुकडा तंतूंच्या रेषेत फाटतो. म्हणून दोनच मार्ग उरतात : वक्रता लहान तुकड्यांत विभागणे, किंवा लाकूड न कापता वाकविणे.

या दोन्ही मार्गांची जाण प्राचीन आहे. कार्ले येथील चैत्यगृहाच्या छताला सागवानाच्या कमानदार फासळ्या आजही दिसतात. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील त्रिविक्रम मंदिर मागील बाजूस अर्धवर्तुळाकार आहे. मूळचे ते बौद्ध चैत्यगृह असावे असे अभ्यासक मानतात. त्याचे वळण विटांचे आहे. वीट सरळ असली तरी लहान असते, म्हणून अनेक विटा मिळून वळण साधतात. लाकडी चाकाचे तत्त्वही हेच आहे.

चाकाचे गणित :

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात वर्णिलेल्या बलुतेदारांपैकी सुतार हा एक प्रमुख बलुतेदार होय. त्याने घडविलेल्या चाकात सामान्यतः बारा आरे आणि परिघाचे सहा कमानदार तुकडे, म्हणजे पुठ्ठे, असतात. प्रत्येक पुठ्ठ्यात दोन आरे बसतात.

सहा ही संख्या सोयीची का, हे आकड्यांवरून कळते. चाकाची त्रिज्या ७५ सेंमी आणि पुठ्ठ्याची रुंदी ७.५ सेंमी धरू. परिघाचे चार तुकडे केल्यास प्रत्येकासाठी सुमारे २७ सेंमी रुंद फळी लागते व टोकांशी तंतू ४५ अंशांनी तिरके होतात. सहा तुकडे केल्यास साडेसोळा सेंमी रुंदी पुरते व तिरकेपणा ३० अंशांवर येतो. आठ तुकड्यांत तो साडेबावीस अंश होतो, पण सांधे वाढतात. शिवाय वर्तुळाच्या परिघावर त्रिज्येएवढी दोरी बरोबर सहा वेळा बसते. त्यामुळे सहा भाग पाडण्यास कोनमापक लागतच नाही. ज्या दोरीने वर्तुळ आखले, तीच दोरी ते विभागते.

सांधे घट्ट ठेवण्याचे काम लोखंडी धाव करते. ४७१ सेंमी परिघाची धाव ५०० अंश सेल्सिअसने तापविल्यास सुमारे पावणेतीन सेंमी लांबते. ती तापलेली असताना चाकावर चढवून पाणी ओतले की आकसते व सहाही पुठ्ठे एकमेकांवर आवळते.

ओट्याच्या कडेची रचना :

समजा, ओट्याची एक बाजू १५० सेंमी त्रिज्येच्या अर्धवर्तुळाची करावयाची आहे व कडेची पट्टी १० सेंमी रुंद हवी आहे. मध्यबिंदूवर खुंटी ठोकून दोरीने कंस आखावा. त्याच दोरीने कंसाचे तीन भाग पाडावेत. ६० अंशांच्या अशा तीन तुकड्यांना जवळजवळ २९ सेंमी रुंद फळ्या लागतील. म्हणून प्रत्येक भाग पुन्हा दुभागून ३० अंशांचे सहा तुकडे करावेत. आता १५ सेंमी रुंद व सुमारे ७८ सेंमी लांब फळी पुरते आणि टोकांशी तंतूंचा तिरकेपणा १५ अंशांहून अधिक होत नाही. एकाच फर्म्यावरून सहाही तुकडे आखता येतात.

ओट्याला धाव नसते, म्हणून प्रत्येक सांध्याखाली आधाराचे लाकूड असणे अनिवार्य आहे. दोन्ही तुकड्यांची टोके त्यावर आधी भोके पाडून गंजरोधक स्क्रूने बसवावीत. उन्हाळ्यात लाकूड आकसते, पावसाळ्यात फुगते. हा बदल लांबीत नगण्य, तर रुंदीत जाणवण्याजोगा असतो. यास्तव फळ्यांमध्ये सुमारे ५ मिमी फट ठेवावी. कापलेली टोके सर्वाधिक पाणी शोषतात. त्यांना तेल वा रोगणाचा लेप द्यावा.

कडेखालची उभी पट्टी मात्र वाकवावी लागते. अडीच सेंमी जाड पट्टी १५० सेंमी त्रिज्येत वळविल्यास बाहेरील तंतूंना सुमारे ०.८ टक्का ताण सोसावा लागतो. कोरडे लाकूड साधारणतः एक टक्क्याच्या आसपास तुटत असल्याने हे धोक्याचे आहे. ६ मिमीच्या पट्टीवर हा ताण केवळ ०.२ टक्का येतो. म्हणून पातळ पट्ट्या एकेक करून वाकवाव्यात व जलरोधक सरसाने एकमेकींना चिकटवाव्यात. जाड पट्टीला आतून करवतीच्या खाचा पाडूनही ती वळते. पण उघड्यावर त्या खाचांत पाणी साचते व लाकूड कुजते. वाफेने लाकूड मऊ करून वाकविण्याचे तंत्र मिखाएल टोनेट याने १८५९ च्या सुप्रसिद्ध खुर्चीत उपयोजिले. त्यासाठी वाफेची पेटी व साचा लागतो.

समारोप :

रबरी टायरच्या गाड्या व ट्रॅक्टर आल्यापासून लाकडी चाकाची मागणी घटत गेली. चाक घडविणारा सुतार आपले गणित कागदावर मांडत नव्हता. ते त्याच्या दोरीत, फर्म्यात व हातात होते. त्यामुळे चाकाबरोबर ते ज्ञानही विस्मृतीत जाण्याचा धोका आहे. वळण हवे असेल तर लाकडाच्या तंतूंविरुद्ध जाऊ नये, हे त्या ज्ञानाचे सार. भूमिती, पदार्थविज्ञान, वनस्पतिशास्त्र व ग्रामीण समाजशास्त्र या विषयांच्या प्राध्यापकांनी आपापल्या परिसरातील जुन्या चाकांची मापे विद्यार्थ्यांकरवी नोंदवून घेतल्यास या ज्ञानाचे जतन होईल, आणि नव्या बांधकामात त्याचा उपयोगही करता येईल.